वाड्यातलं हॉटेल: आधी खोली विचारा, मग भाडं

मी ठाण्याच्या खारकर आळीतल्या एका वाड्यात वाढले. दोन खोल्या, मधे समाईक चौक, चौकापलीकडे संडास, आणि पावसाळा लागला की माजघराच्या भिंतीला लोणा, म्हणजे ओलीने फुटणारा खारट पांढरा थर. पुढे वाडा पडला, इमारत उभी राहिली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या वाड्यात थाटलेल्या हॉटेलात खोली घेतली, तेव्हा आई म्हणाली, "ज्यातून बाहेर पडायला आयुष्य गेलं, त्यात आठ हजार देऊन परत झोपायला चाललीस?"

पहिल्या खेपेला त्यातले निम्मे वायाच गेले. कारण मी नेहमीच्या हॉटेलसारखं बुकिंग केलं होतं. फोटो बघितले, 'डीलक्स'वर बोट टेकवलं, पैसे भरले. मिळाली ती खोली फोटोतली नव्हती, फोटोतली शेजारची होती. आमच्या खोलीला एकच खिडकी, तीही भटारखान्याच्या मागच्या बोळात उघडणारी. तक्रार घेऊन गेले तर मॅनेजर शांतपणे म्हणाला, "मॅडम, डीलक्स हीच. पण आमच्याकडे दोन डीलक्स सारख्या नाहीत."

राग ओसरल्यावर पटलं. घोडबंदर रोडवरच्या नव्या हॉटेलात चौथ्या मजल्यावरची खोली आणि नवव्या मजल्यावरची खोली एकाच साच्यातल्या. वाड्यात, हवेलीत, जुन्या बंगल्यात तसं नसतं. एक खोली पूर्वी दिवाणखाना होती, दुसरी बाळंतिणीची, तिसरी धान्याची कोठी. आता तिन्हींना बाथरूम जोडलं आणि तिन्ही डीलक्स झाल्या. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने हॉटेल ठरवून थांबू नये, खोली ठरवावी.

वास्तू खरंच जुनी आहे का

सिमेंटच्या इमारतीवर मंगलोरी कौलं चढवायची, दारात बैलगाडीचं चाक टेकवायचं आणि पाटीवर 'हेरिटेज' लिहायचं, असले नमुने पुष्कळ. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची हेरिटेज हॉटेलांसाठी वर्गवारी आहे: बेसिक, क्लासिक आणि ग्रँड. त्यासाठी वास्तू १९५०च्या आधीची लागते, किमान पाच खोल्या लागतात, आणि नव्याने वाढवलेलं बांधकाम जुनं-नवं मिळून होणाऱ्या क्षेत्राच्या निम्म्यापेक्षा जास्त चालत नाही. ही वर्गवारी ऐच्छिक आहे. चार-पाच खोल्यांची बरीच चांगली घरं त्या भानगडीत पडत नाहीत, म्हणून प्रमाणपत्र नाही एवढ्यावर कुणाला बाद करू नका. मात्र 'जुनी विंग की नवी विंग' हे नक्की विचारा. निम्मं नवं असू शकतं, आणि तुमच्या वाट्याला नेमकं तेच येऊ शकतं.

फोटोवरूनही बरंच कळतं. खिडकीचा कोनाडा बघा. त्यात माणूस मांडी घालून बसू शकेल इतकी भिंत जाड असेल, तर घर बहुधा खरं. मग नजर खाली आणा, जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या भिंतीकडे. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या. बैलाच्या घाण्यात मळलेला चुना, त्यात कुठे गूळ, कुठे मेथी, कुठे बेलफळ, जशी त्या भागातली रीत. अशी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. डागडुजी करताना कुणी घाईने तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापला, की ओल आत कोंडते, वाट शोधत वर चढते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. फोटोंत सगळीकडे त्याच उंचीवर फळ्या मारलेल्या किंवा नवा रंग फासलेला दिसला, की मी पावसाळ्यात तिथे जात नाही. ओल्या भिंतीचा तो वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे, त्याला पैसे मोजायचे नाहीत.

ठाण्याहून कुठे

सगळ्यात जवळ माथेरान. ही जागा १८५०मध्ये हेरली ती ठाण्याचेच तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी, म्हणजे आपला थोडा हक्कच. गर्द झाडीतले लांबरुंद व्हरांड्यांचे जुने बंगले, त्यातल्या काहींची हॉटेलं झाली आहेत. मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत, त्यामुळे बंगला किती आत आहे आणि सामान कोण नेणार, हे आधीच ठरवा. नेरळहून येणारी छोटी गाडी १९०७पासूनची. पावसाळ्यात तिचा घाटातला भाग बंद असतो, अमन लॉज स्थानक ते माथेरान एवढीच फेरी चालू राहते.

दुसरं माझं आवडतं, सावंतवाडी. मोती तलावाकाठच्या राजवाड्याच्या आवारात राजघराण्यानेच मोजक्या खोल्यांचं हॉटेल काढलं आहे आणि त्याची सजावट गंजिफ्यावर बेतलेली आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे बारा-बारा, असे १२० पत्ते. ही कला बुडायला आली होती, तेव्हा राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. तिथे गेलात तर राजवाड्यात पत्ते रंगवणाऱ्या कारागिरांजवळ जरा वेळ बसा. दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस ठाण्याला थांबते आणि दुपारच्या सुमारास सावंतवाडीला पोचवते. खोली दोन वाजता मिळणार असेल तर याहून सोयीची गाडी नाही.

गोव्याच्या जुन्या घरांसाठी ठाण्याहून वंदे भारत आहे. उत्तर गोव्याला जायचं तर थिवीला उतरा. पणजीतलं फोंताइन्हास, शिवोली, बार्देशातली इतर गावं, सगळीकडे पोर्तुगीज काळातल्या घरांत राहायची सोय आहे. काही खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या दिसतील. त्यातून येणारा उजेड दुधी असतो आणि दुपारच्या झोपेला फार छान. अहमदाबादच्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांमधल्या, लाकडी हवेल्याही राहण्याजोग्या. ते जुनं शहर २०१७पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण पोळात रिक्षा शेवटपर्यंत शिरत नाही, चाकांची बॅग ओढत न्यायची तयारी ठेवा. पोळांबाहेर, सिदी सय्यद मशिदीसमोर, मंगलदास गिरधरदास या गिरणीमालकांची १९२४ची हवेली आता हॉटेल आहे. तिथे गाडी दारात जाते.

तमिळनाडूतलं चेट्टिनाड लांब पडतं. मदुराई किंवा तिरुचिरापल्लीला उतरून पुढे साधारण दोन तासांचा रस्ता. ब्रह्मदेशाशी व्यापार करणाऱ्या चेट्टियारांनी तिकडचं सागवान आणून बांधलेली ही घरं एका रस्त्यावर सुरू होऊन मागच्या रस्त्यावर संपतात. एकदा तरी जावं, पण पहिल्याच खेपेला नको. पहिल्यांदा जिथून रुसून दुसऱ्या दिवशी घरी परतता येईल, अशीच जागा बरी.

फोन कराच

संकेतस्थळावर तारखा बघा, दर बघा, पण पैसे भरण्याआधी फोन करा. दुसऱ्या खेपेला मी केलेला फोन जवळजवळ शब्दशः आठवतो.

"नमस्कार, पंधरा तारखेला दोन रात्रींसाठी खोली हवी आहे. तुमच्याकडे खोल्यांना नावं आहेत की नंबर?"

"नावं आहेत ताई."

"मग नाव सांगून द्याल ना? आमच्याबरोबर सासूबाई आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. खालच्या मजल्यावर कुठल्या?"

"खाली दोन आहेत. एक चौकाकडे उघडते, एक मागे आडाकडे."

"चौकात रात्री जेवणाची टेबलं मांडता का?"

जरा थांबून, "हो, साडेदहापर्यंत."

"मग आडाकडची. तिचं बाथरूम खोलीतच आहे ना? आणि पायरी आहे का?"

"एक पायरी आहे. सगळ्यांनाच आहे."

ती पायरी बहुतेक ठिकाणी असते. या घरांत खोलीला जोडून बाथरूम कधीच नव्हतं. नंतर कोपऱ्यात बसवताना जुनी फरशी फोडायची नाही म्हणून नळ आणि निचऱ्याचे पाइप फरशीवरून नेतात आणि त्यावर बाथरूमची जमीन वीतभर उंच करतात. म्हाताऱ्या माणसाला आणि अर्धवट झोपेतल्या कुणालाही ती घातकी. तसंच, बाथरूमची भिंत छतापर्यंत नेली तर जुन्या लाकडी तक्तपोशीला धक्का लागतो, म्हणून काही ठिकाणी ती सात फुटांवर सोडून देतात. आतला सगळा आवाज बाहेर. नवराबायकोचं एक वेळ भागतं, पण ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर खोली वाटून घेणार असाल, तर हे विचारून घेतलेलं बरं.

वरच्या मजल्याची खोली घेणार असाल तर जिन्याचं विचारा. पेशवाई धाटणीच्या वाड्यांत जिना भिंतीच्या जाडीतच काढलेला असतो. अरुंद, उभा, पायऱ्या उंच. वर हवा मस्त असते, पण तुमच्या डोक्यावर आणखी मजला असेल आणि त्याची जमीन फळ्यांची असेल, तर वरचे पाहुणे पहाटे किती वाजता उठले ते तुम्हाला कळतंच. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काय चालतं, पंखा की एसीसुद्धा, हाही प्रश्न कामाचा. जुन्या घरांना विजेचा भार बेताचाच पेलतो. पाण्याची धारही मंद असते, कारण मोठी टाकी त्या छतावर चढवता येत नाही. धो-धो शॉवर हवा असेल तर हा नाद सोडा.

फोन झाल्यावर खोलीचं नाव घालून व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा आणि त्यांच्याकडून 'हो' लिहून घ्या. फोनवर सगळेच गोड बोलतात.

भाड्याचं गणित

२२ सप्टेंबर २०२५पासून हॉटेलच्या खोलीवर रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावर गेलात की पूर्ण रकमेवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,५०१ ची ८,८५१ ला. एका रुपयासाठी पावणेदहाशे! लहान घरगुती हॉटेलांचे दर नेमके याच उंबरठ्यावर घुटमळतात. म्हणून दर ७,८०० सांगितला तर सरळ विचारा, "मधल्या वारी साडेसातला बसेल का?" मंगळवार-बुधवार असेल तर बऱ्याचदा बसतो. कर मूळ दरावर नाही, प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर धरतात.

दरात नाश्ता धरलाय का, जादा गादीचे किती, मुलांचं वय कितीपर्यंत फुकट, हे नेहमीचे प्रश्न आहेतच. पाच-सहा खोल्यांच्या घराला एक खोली ऐनवेळी रिकामी राहिली तरी मोठा फटका, म्हणून पैसे परत मिळण्याच्या अटी कडक असतात. त्या वाचा.

बॅगेत काय

टॉर्च. मोबाइलचा नव्हे, वेगळा छोटा टॉर्च, उशाशी ठेवायला. जाड मोजे किंवा घरात घालायच्या सपाता, कारण शहाबादी आणि लाल कोब्याच्या जमिनी डिसेंबरात बर्फ होतात. चेट्टिनाडकडच्या आत्तंगुडी फरशा दिसायला देखण्या, पण ओल्या झाल्या की पाय ठरत नाही, तिथे रबरी तळ हवा. एक्स्टेन्शन बोर्ड न्या. दगडी भिंतीत वायरी पुरता येत नाहीत, त्यामुळे प्लग नेमका पलंगापासून बारा फुटांवर सापडतो. डासांसाठी काहीतरी हवंच, कारण चौक, आड आणि झाडं म्हटलं की डास आले. कानात घालायचे बोळे ज्याने त्याने ठरवावेत. मी नेते, नवरा नेत नाही आणि सकाळी कबुतरांवर चिडतो.

ओळखपत्र सगळ्यांचं लागतं. आधार द्यायचं तर आकडे झाकलेली प्रत द्या.

पोचल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

सामान खोलीत टाकण्याआधी खोली बघा. नाव जुळतंय का बघा. मग गिझर लावा आणि घड्याळ बघा, पाणी यायला किती वेळ लागतो ते आत्ताच कळू दे, सकाळच्या गाडीच्या आधी नको. कडीकोयंडा एकदा लावून, उघडून बघा. जुन्या दारांना आतून अडसर असतो, तो बसवायची एक खुबी असते. माणूस दाखवतो, पण विचारलं तरच. बाहेर पडायची दुसरी वाट कुठून, तेही विचारून घ्या. लाकडी घर आहे, जिना एकच आहे, यात लाजायचं काही नाही. पूर्वीचा ओरखडा, खुर्चीचा तुटलेला हात, डाग दिसला तर फोटो काढून ठेवा.

आणि दाराची चौकट आपल्या उंचीशी मापून घ्या. हे मी हलक्यात घेतलं होतं. खाली उंबरठा, वर ठेंगणी चौकट. दिवसा माणूस आपोआप वाकतो, रात्री अडीच वाजता वाकत नाही. उंबरठ्याला ठेच लागू नये म्हणून मी पाय उचलला आणि नेमकं वरच्या तुळईला कपाळ दिलं. सकाळी नाश्त्याला टेंगूळ घेऊन गेले तर वाढणारे काका म्हणाले, "दुसऱ्या रात्री नाही लागत." दुसऱ्या रात्री नवऱ्याला लागलं.

घराची रीत

मालक बऱ्याचदा तिथेच, मागच्या भागात किंवा वरच्या मजल्यावर राहतात. त्यामुळे वावरताना थोडं पाहुण्यासारखं, थोडं गिऱ्हाइकासारखं राहावं लागतं. बंद दार उघडायचं नाही. देवघर दिसलं तर चपला बाहेर आणि फोटोआधी परवानगी. ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकू नका, शंभर वर्षांच्या शिसवीवर पांढरा डाग उठतो आणि तो जात नाही. दोरी किंवा स्टँड मागा. खोलीत उदबत्ती, मेणबत्ती लावू नका. वाढदिवसाला भिंतीवर चिकटपट्टीने फुगे लावणाऱ्यांना मी स्वतः ओरडले आहे, पट्टी काढताना चुन्याचा पापुद्रा हातात येतो. मुलांना झोपाळा दाखवा, पण कड्या कुणासाठी बसवल्यात ते विचारून.

मालकांना घराची गोष्ट जरूर विचारा, फक्त संध्याकाळी. सकाळी त्यांना दूधवाला, धोबी आणि तुमचा नाश्ता असतो. "ही खोली पूर्वी कशाची होती?" एवढं विचारलं की पुरतं. एका ठिकाणी आजींनी आम्हाला आमच्याच खोलीतली भिंतीत बसवलेली तिजोरी दाखवली. दोन दिवस मी तिच्यावर फुलदाणी ठेवत होते.

जेवणाचं आदल्या रात्री सांगायचं. इथे मेनूकार्ड नावापुरतं. भटारखान्यात दोन माणसं, बाजार सकाळी एकदाच होतो. मासे हवेत, उपास आहे, कांदा-लसूण नको, सगळं आधी सांगितलंत तर ताट असं येतं की शेजारच्या टेबलावरचे बघत राहतात. रात्री दहाला पनीर मागणाऱ्याला मात्र ऑम्लेट मिळतं आणि चूक त्याचीच असते.

निघताना

बिल आदल्या रात्री मागून घ्या. सकाळी कार्डाच्या यंत्राला रेंज नसते, जाड भिंतीत तुमच्या फोनलाही नसते, आणि रिक्षा बाहेर हॉर्न वाजवत असते. बिलातला कराचा दर ठरल्याप्रमाणेच आहे ना, ते बघा. बक्षिसी द्यायची तर समाईक पेटी आहे का विचारा. आडावरून बादल्या आणणारा माणूस शेवटच्या दिवशी समोर येईलच असं नाही.

मग खोलीतून शेवटची फेरी मारा. पलंगाखाली सगळेच बघतात. खुंट्या बघा आणि कोनाडे बघा. कोनाड्यात ठेवलेली वस्तू हमखास विसरते, कारण आपल्या फ्लॅटमध्ये कोनाडाच उरलेला नाही. माझा चष्मा तिथेच राहिला होता. आठ दिवसांनी कुरिअरने घरी आला, जुन्या पंच्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. आईने पंचा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "पुढच्या वेळी खालच्या मजल्याची खोली मिळेल का गं?"